शिशाच्या पोटातील चांदी
(व्याख्यान)

वाराणसीच्या बालाजी घाटावर, पंचगंगा घाटाला लागून असलेल्या त्या उंच पायऱ्यांवर, बसलेल्या माणसाच्या पायांखाली चुनारचा वालुकाश्म असतो. वाराणसीच्या नैऋत्येस चुनारच्या टेकड्या आहेत. तेथील पिवळसर, बारीक कणांचा दगड नदीमार्गे या नगरीत शतकानुशतके येत राहिला. अशोकाचे स्तंभही याच दगडाचे. भूवैज्ञानिक या खडकाला विंध्य महासंघात घालतात आणि त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक मानतात. प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी वाळू साचली, दबली, घट्ट झाली, एवढीच त्याची कथा. त्यात धातू नाही. घाटाच्या खाली गंगेचा गाळ शेकडो मीटर खोल आहे. त्यातही धातूची शिरा सापडावयाची नाही. काशीत चांदी मुबलक दिसते, देवळांच्या दारांवर, पूजेच्या उपकरणांत, बनारसी शालूच्या जरीत. पण ती या भूमीची कन्या नव्हे. ती दूरच्या डोंगरांतून येथे आलेली सून आहे.

याच बालाजी घाटावरील बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. ते २१ ऑगस्ट २००६ रोजी निवर्तले. डिसेंबर २०१६ मध्ये वाराणसीतील त्यांच्या घराण्याच्या ताब्यातील काही सनया चोरीस गेल्या. त्यांत चांदीच्या सनया होत्या. जानेवारी २०१७ मध्ये पोलिसांनी छडा लावला, तेव्हा हाती आली ती वितळलेली चांदी. सुमारे किलोभर. सनईचा आकार गेला, मानपत्रासारखे जपलेले वाद्य गेले, आणि उरला निव्वळ धातू, ज्याला सराफाच्या काट्यापुरतीच ओळख होती.

या किलोभर चांदीविषयी एक प्रश्न विचारता येतो. ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न न्यायालयाचा. ती मुळात कुठल्या खडकातून आली, हा प्रश्न भूविज्ञानाचा आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तोच होय.

सोन्याप्रमाणे चांदीही निसर्गात शुद्ध स्वरूपात आढळते, परंतु क्वचित. सोने एकलकोंडे आहे. ते कोणाशी सहसा संयोग पावत नाही. चांदीची प्रकृती वेगळी. तिला गंधकाची ओढ आहे. घरातील चांदीचे ताट काळवंडते ते या ओढीमुळेच; हवेतील गंधकयुक्त वायूचा लेशही तिला पुरतो. भूगर्भातही ती गंधकाच्या सहवासात राहते, आणि हा सहवास तिला बहुधा शिशाच्या घरी लाभतो. जगातील चांदीचा फार मोठा भाग शिसे, जस्त व तांबे यांच्या धातुकांतून उपपदार्थ म्हणून निघतो. म्हणून चांदीची खाण पाहावयास निघालेल्या माणसाला प्रत्यक्षात दिसते ती शिशाची खाण.

शिशाचे मुख्य धातुक गॅलेना. शिसे आणि गंधक यांचे हे संयुग काळसर करड्या रंगाचे, ताज्या फुटीवर आरशासारखे चकाकणारे असते. हातोडीचा हलका घाव घातला, तर त्याचे लहान लहान घन होतात. त्या घनांवर पुन्हा घाव घातला, तर आणखी लहान घन. खडूएवढा तुकडा तळहातावर घेतला, तर त्याचे वजन चकित करते, कारण ते पाण्याच्या साडेसातपट जड आहे. वजनाने त्यात सुमारे ८७ टक्के शिसे असते. बाजारात सुरमा म्हणून विकली जाणारी काळी पूड पुष्कळदा या गॅलेनाचीच असते. लहान मुलांच्या डोळ्यांत ती घालणे म्हणजे शिशाचे विष त्यांच्या शरीरात जाऊ देणे होय, हे अजूनही सांगावे लागते.

या चकाकीत चांदी दिसत नाही. ती दोन रीतींनी वास करते. एक तर गॅलेनाच्या स्फटिकात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने चांदीची वेगळी खनिजे अडकलेली असतात. तांबे, अँटिमनी, गंधक आणि चांदी यांची ही खनिजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की ओळखू येतात. दुसरी रीत अधिक गूढ आहे. स्फटिकात शिशाच्या अणूंची जागा ठरलेली असते. शिशाचे दोन अणू बाजूला सरतात आणि त्यांच्या जागी चांदीचा एक व अँटिमनीचा वा बिस्मथचा एक अणू येऊन बसतो. विद्युत्-भाराचा हिशेब जुळतो, आणि स्फटिकाला तक्रार करण्याचे कारण उरत नाही. भाडेकरूने जोडीदार आणला म्हणून घरमालकाने दोन खोल्या द्याव्यात, तसा हा व्यवहार. अशी चांदी डोळ्यांना तर नाहीच, सामान्य सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. तिचे प्रमाण केवळ रासायनिक विश्लेषणाने कळते. समजा, एक टन धातुकात ४० ग्रॅम चांदी आहे. मग किलोभर चांदीसाठी २५ टन खडक फोडावा लागेल, आणि तोही काही चांदी वाया जात नाही असे गृहीत धरून.

महाराष्ट्राच्या वाचकाला असा खडक आपल्या दाराशी मिळणार नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यात सुंदर झिओलाइटे आहेत, शिसे-चांदीच्या खाणी नाहीत. विदर्भातील प्राचीन खडकांत, नागपूर जिल्ह्यात कोलारीच्या परिसरात, जस्ताचे धातुक आढळले आहे खरे. परंतु शिसे आणि चांदी यांची जुनी, चालती-बोलती खाण पाहावयाची, तर अरवलीकडेच वळावे लागते. राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, तिडी नदीच्या काठी, जावर नावाचे गाव आहे. भोवती मोचिया, बलारिया, जावरमाला आणि बरोई या टेकड्या. एकेका टेकडीत एकेक खाण.

जावरच्या भूमीचा पाया अतिप्राचीन पट्टिताश्मांचा आहे; त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक. या झिजलेल्या पायावर एके काळी समुद्र चढला. त्याच्या तळाशी वाळू, चिखल आणि कार्बोनेटी गाळ थरांवर थर साचले. त्या समुद्रात मासा नव्हता, शिंपला नव्हता, शेवाळाच्या पलीकडची वनस्पती नव्हती. सूक्ष्मजीव मात्र होते. त्यांच्या चटयांनी रचलेले खांबासारखे दगडी पुंजके, ज्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, उदयपूरजवळ झामरकोटडा येथील फॉस्फेटी खडकांत आजही पाहता येतात. पुढे भूकवचाच्या दाबाखाली हे थर वाकले, घड्या पडल्या, भाजून निघाले. चिखलाचा फायलाइट झाला, वाळूचा क्वॉर्ट्झाइट, आणि कार्बोनेटी गाळाचा डोलोमाइट.

जावरचे शिसे आणि जस्त आहे ते या डोलोमाइटात. शेजारच्या फायलाइटात शिरावे, तर धातुक संपते. पुन्हा डोलोमाइटात यावे, तर ते भेटते. खाणीत काम करणाऱ्याला पुस्तक न वाचताही हा नियम पाठ होतो. डोलोमाइट ठिसूळ, घडी पडताना फायलाइट लवतो, सरकतो, आणि डोलोमाइट तडकतो. त्या फटींत गॅलेना, स्फॅलेराइट आणि पायराइट भरलेले दिसतात. स्फॅलेराइट हे जस्ताचे धातुक, मधाळ ते तपकिरी रंगाचे, गॅलेनाच्या मानाने हलके. पायराइट हे लोखंड व गंधक यांचे पितळी झळाळीचे खनिज. नवख्याला सोन्याचा मोह पाडणारे, आणि जाणत्याला खाणीच्या पाण्यात आम्ल उतरणार याची सूचना देणारे.

हे धातू डोलोमाइटात आले कसे, यावर अभ्यासकांत दीर्घ काळ वाद चालला. एक पक्ष म्हणतो, गाळ साचत असतानाच समुद्रतळातून तप्त, खारट, धातुयुक्त पाणी वर आले. समुद्रजलातील सल्फेटाचे सूक्ष्मजीवांनी जे सल्फाइड केले होते, त्याच्याशी या धातूंची गाठ पडली आणि धातुक तेथल्या तेथे अवक्षेपित झाले. धातुके एका ठरावीक थराला धरून राहतात, हा या पक्षाचा बळकट पुरावा, आणि गंधकाच्या समस्थानिकांचे मापनही त्याला अनुकूल आहे. दुसरा पक्ष फटींकडे बोट दाखवतो; थराला आडव्या जाणाऱ्या शिरा गाळाबरोबर कशा साचतील, असे विचारतो. अधिक संभवनीय दिसते ते असे की धातू आले समुद्राच्या काळी, आणि घड्या पडताना त्यांतील काही भाग हलून नव्या फटींत जाऊन बसला. दोन्ही पक्षांनी डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते; फक्त पाहिलेले प्रसंग निराळे होते.

शिशाची गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. युरेनियम व थोरियम यांचा किरणोत्सर्गी ऱ्हास होत होत शेवटी शिसेच उरते. म्हणून शिशाचे काही समस्थानिक काळाबरोबर वाढत जातात, आणि एक तेवढा होता तसा राहतो. गॅलेनात युरेनियम जवळजवळ नसते. त्यामुळे गॅलेना तयार झाले त्या क्षणी समस्थानिकांचे जे गुणोत्तर होते, ते त्यात गोठून राहते. बंद पडलेल्या घड्याळाने वेळ दाखवावी, तसे. जावरच्या गॅलेनावरून या पद्धतीने काढलेले वय सुमारे १७० कोटी वर्षे येते.

याच गुणोत्तराचा पुरातत्त्वाला दुसरा उपयोग होतो. चांदी कितीही शुद्ध केली, तरी तिच्यात शिशाचा अंश मागे राहतो, आणि त्या अंशात मूळ खाणीची खूण असते. जुने नाणे वा दागिना कुठल्या खाणीचा, याचा अंदाज या खुणेवरून बांधता येतो. मात्र दोन खाणींची चांदी एका मुशीत मिसळली, की साक्ष गढूळ होते. भारतात तर मोगल काळी सुरतेच्या बंदरात उतरलेली अमेरिकेची चांदी टांकसाळीत जाऊन रुपयांत मिसळली होती, आणि रुपये आटवून दागिने झाले, दागिने आटवून पुन्हा रुपये. वाराणसीत वितळलेल्या त्या सनयांची चांदी कुठली, हे म्हणून कदाचित कोणतेही उपकरण निःशंकपणे सांगू शकणार नाही.

जावरच्या जुन्या खाणींत उतरणे म्हणजे माणसाच्या चिकाटीत उतरणे आहे. सुरुंगाची दारू नव्हती. खडकाशी लाकडांची रास रचून ती पेटवीत. तापलेला खडक तडकला, की लोखंडी छिन्नीने तो उकलीत. अशा खोदाईने तयार झालेल्या पोकळ्यांच्या भिंती गोलसर, गुळगुळीत असतात. छिन्नीच्या कोनदार खुणांपासून त्या लगेच वेगळ्या ओळखू येतात. छत कोसळू नये म्हणून मधोमध खडकाचे खांब राखलेले असतात. उतरण्यासाठी लाकडी शिड्या आणि मचाणे होती. त्यांतील काही लाकूड कोरड्या अंधारात टिकून राहिले, आणि किरणोत्सर्गी कार्बनाच्या कसोटीने त्याचे वय इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांपर्यंत मागे गेले. उत्तरेकडील राजपुरा-दरीबा येथील प्राचीन खाण तर जमिनीखाली अडीचशे मीटरांहून अधिक खोल गेली होती. पाणी उपसणे, धूर बाहेर काढणे, उजेड पुरवणे, या सगळ्यांची व्यवस्था त्या माणसांनी केली असलीच पाहिजे. त्यांची नावे मात्र कोणत्याही शिलालेखात नाहीत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि अशुद्ध रुपे शिशाच्या साह्याने शुद्ध करावे असेही सांगितले आहे. ही कृती समजून घेण्यासारखी आहे. गॅलेना भाजून आणि कोळशाबरोबर भट्टीत वितळवून शिसे मिळते. चांदी त्या शिशात विरघळून येते. आता हे शिसे हाडांच्या राखेच्या उथळ मुशीत ठेवून, वरून भात्याने वारा घालीत, लाल होईतो तापवतात. शिशाला प्राणवायूची भूक, चांदीला ती नाही. शिशाचे मुरदाडशिंग होते, वितळते आणि राखेत शोषले जाते. थेंब आकसत जातो, आणि शिशाचा शेवटचा पापुद्रा विरला की एकदम लखलखाट होतो. मुशीत उरते ती चांदीची गोळी. आज सोन्याचांदीचा कस काढण्याच्या प्रयोगशाळांतही ही रीत वापरली जाते. एवढ्या काळात तिच्यात फारसे सुधारावे असे काही निघाले नाही.

ग्रीसमधील लॉरिऑनच्या खाणींत याच रीतीने चांदी निघे. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे समृद्ध धातुक लागले, अथेन्सने त्या चांदीतून आरमार उभारले, आणि तीन वर्षांनी सलामिसच्या सामुद्रधुनीत इराणी ताफ्याचा पराभव केला. त्या खाणींत राबत होते गुलाम. ग्रीक आणि रोमन भट्ट्यांतून उडालेले शिसे वाऱ्याबरोबर ग्रीनलंडपर्यंत गेले, आणि तेथील हिमाच्या थरांत ते शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात सापडले. जावरच्या भट्टीपाशी बसणाऱ्यांच्या फुप्फुसांत किती गेले, याची नोंद कोण ठेवणार?

जावरला शिशा-चांदीच्या जोडीला जस्त होते, आणि ते प्रथम अडचणच ठरले असावे. शिसे गाळताना जस्त धातूरूपाने हाती येत नाही. ते ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्याच्या ऑक्साइडातून ते मोकळे करावयाचे तर त्याहून अधिक तापमान लागते. म्हणजे जस्त जन्मते तेच वाफ होऊन. हवा भेटताच तिचा पांढरा धूर होतो. जावरच्या कारागिरांनी ही वाफ पकडली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भाजलेले धातुक आणि इतर द्रव्ये भरावयाची, तोंडाला मातीची नळी बसवून आत काडी खोवावयाची, आणि मूस उलटी करून सच्छिद्र विटेवर ठेवावयाची. काडीमुळे भरलेले द्रव्य खाली सांडत नसे, आणि ती जळून गेली की वाफेला वाट मोकळी होई. वर आग, खाली थंड कोठी. वाफ नळीतून उतरे आणि थिजे. एका भट्टीत अशा ३६ मुशी असत, आणि सात भट्ट्या एका रांगेत. रसरत्नसमुच्चय या ग्रंथात वांग्याच्या आकाराच्या मुशीचे आणि रसकापासून धातू काढण्याचे वर्णन आहे. हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला. तेव्हा ते वर्णन पुष्कळांना वैद्यकल्पना वाटली असल्यास नवल नाही.

ती कल्पना नव्हती, हे १९८३ मध्ये जमिनीतून वर आले. ब्रिटिश म्युझियम, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संयुक्त पथकाने जावरला उत्खनन केले, तेव्हा भट्ट्या सापडल्या, आणि त्यांत उलट्या ठेवलेल्या मुशी जागच्या जागी होत्या. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे एकस्व १७३८ मध्ये मिळवले. त्याचीही वाफ खालच्या बाजूसच उतरवली जाई. जावरची भट्टी त्याच्याआधी कित्येक शतके धगधगत होती. त्याला ही रीत पूर्वेकडून कळली की त्याने स्वतः शोधली, यावर मते भिन्न आहेत. अभिमानाच्या भरात पहिला पर्याय सिद्ध झाल्यासारखा सांगणे मात्र योग्य नव्हे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या धातुविज्ञान संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली.

मेवाडचा राणा लाखा याच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, जावरच्या खाणी भरभराटीस आल्या. गावात जैन व वैष्णव मंदिरे उभी राहिली. राणा कुंभाची कन्या रमाबाई हिने तेथे विष्णुमंदिर व कुंड बांधविले. पुढे राज्याच्या धामधुमीत काम मंदावले, आणि १८१२-१३ च्या दुष्काळाने ते थांबविले. लोक विखुरले. भट्टी लावण्याचे ज्ञान हातांत होते, कागदावर नव्हते. हात विखुरले आणि ज्ञान संपले. कर्नल टॉड काही वर्षांनी मेवाडात आला, तेव्हा जावर ओसाड पडलेले होते.

खाण पुन्हा चालू झाली ती विसाव्या शतकात, १९४० च्या दशकात, मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीच्या हाती. शिशाचे सांद्रित धातुक धनबादजवळ तुंडूच्या भट्टीकडे जाई. १९६६ मध्ये हिंदुस्तान झिंक ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि जावर तिच्याकडे आले. २००२ मध्ये सरकारने तिच्यातील नियंत्रण खाजगी उद्योगाला विकले. भारतात खाणींतून निघणारी बहुतांश चांदी आज याच कंपनीच्या राजस्थानातील शिसे-जस्ताच्या खाणींची असते, आणि तिचे शुद्धीकरण उत्तराखंडात पंतनगर येथे होते. आता धातुक दळून, पाण्यात फेस उठवून वेगळे करतात. गॅलेनाचे कण फेसाला चिकटून वर येतात, डोलोमाइट खाली राहतो. २५ टन खडकाचा हिशेब बदललेला नाही. तो फोडणारे यंत्र बदलले आहे.

जुन्या जावरच्या उतारांवर मात्र धातुमळी आणि वापरून झालेल्या मुशी यांचे ढीग पसरले आहेत. त्यांचे वजन लाखो टनांत मोजावे लागते. प्रत्येक मूस एकदाच वापरली जाई; भट्टी थंडावली की ती फेकून देत. गावकऱ्यांनी या मुशी गोळा करून, आडव्या रचून, मातीने सांधून घरांच्या भिंती आणि वाडग्यांची कुंपणे बांधली. रांगेने बाहेर डोकावणारी त्यांची काचेसारखी भाजलेली तोंडे अजून काही भिंतींत दिसतात. पडके घर पाडून सिमेंटचे बांधले जाते, तेव्हा त्या मुशी ढिगाकडे परत जातात, किंवा रस्त्याच्या भरावात.